फाळका, मासेमारी नौकेचा

फाळका, मासेमारी नौकेचा : डेकमधून खालच्या खणात उतरण्यासाठी व पकडलेली मासळी त्यात साठविण्यासाठी ठेवलेले झाकणयुक्त द्वार. ‘फाळका’ ही भारतीय खलाशांच्या बोलीतील जुनी संज्ञा असून ती द्वार व झाकण या दोहोंसाठी वापरली जाते. डेक हा नौकेचा पाणी न शिरू देणारा वरचा पडदा होय. फाळका म्हणजे त्या पडद्याला मुद्दाम पाडलेले सर्वांत मोठे छिद्र. मासळी खणात जाण्यासाठी ते वारंवार उघडावे लागते आणि नौका तरंगती राहण्यासाठी ते घट्ट मिटावे लागते. या परस्परविरोधी गरजांतून फाळक्याची रचना, त्याविषयीचे नियम व त्याच्या दुरुस्तीची पद्धत विकसित झाली आहे. लाकडी मासेमारी नौकांच्या इतिहासात फाळक्यातील बहुतेक सुधारणा जीवितहानीनंतर झालेल्या दिसतात. मात्र चांगला फाळकाही देखभालीअभावी काही वर्षांतच निकामी होतो, हेही तितकेच खरे आहे.

फाळक्याचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सु. १,०२५ किग्रॅ. असते. एक मी. लांब व तितक्याच रुंद फाळक्यावर एक मी. उंचीचे पाणी साचले, तर झाकणावर एक टनाहून अधिक भार येतो. कोसळत्या लाटेचा आघात याहून पुष्कळ अधिक असतो. तोच फाळका उघडा असून त्यावर अर्धा मी. पाणी उभे असेल, तर दर सेकंदाला जवळजवळ दोन टन पाणी आत जाते. म्हणजे तीस घनमीटरांचा खण भरण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. झाकण बंद आहे, पण चौकटीभोवती सर्व बाजूंनी केवळ दोन मिमी.ची फट आहे, असे मानले, तरी त्याच परिस्थितीत दर मिनिटाला सु. नऊशे लिटर पाणी आत शिरते. खणात शिरलेले पाणी नौकेच्या झोल्याबरोबर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर धावते आणि नौकेचे सावरण्याचे बळ कमी करते. त्यामुळे खण पूर्ण भरण्याआधीच नौका कलंडू शकते. झाकणाखालची फट ही क्षुल्लक बाब नव्हे, ती यामुळे.

रचना : लाकडी नौकेच्या डेकखाली एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आडव्या तुळया असतात. डेकच्या फळ्या या तुळयांवर बसवितात. तुळया मधोमध किंचित उंच, कमानदार असतात. त्यामुळे डेकवरील पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते. फाळक्यासाठी जागा करताना मधल्या एकदोन तुळया कापाव्या लागतात. फाळक्याच्या पुढची व मागची तुळई अखंड ठेवून त्या दोहोंमध्ये नौकेच्या लांबीच्या दिशेने दोन भक्कम वासे बसवितात. त्यांस येथे जोडवासे म्हटले आहे. कापलेल्या तुळयांची टोके या जोडवाशांत खाच करून अडकवितात. जोडवासा फाळक्याच्या बाजूस सरकू नये म्हणून तो लोखंडी सळईने नौकेच्या बाजूशी ताणून बांधतात. अशा प्रकारे कापलेल्या तुळयांचा भार अखंड तुळयांकडे वळविला जातो.

या आधारावर डेकच्या वर उभी राहणारी लाकडी चौकट बसवितात. तिचे चार कोपरे, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या व म्हणून ओढून न सुटणाऱ्या सांध्यांनी जोडलेले असतात. चौकटीची पुढची व मागची फळी वरच्या कडेस कमानदार ठेवतात, म्हणजे झाकणावर पाणी साचत नाही. चौकटीच्या आतील कडेला खाच असते व तीत झाकणाच्या फळ्या बसतात. जुन्या पद्धतीत या फळ्यांवर डांबर वा तेल दिलेली ताडपत्री पसरून तिच्या कडा चौकटीच्या बाहेरील बाजूस लोखंडी पट्ट्यांखाली घेत व लाकडी पाचरी ठोकून त्या आवळीत. अलीकडच्या काळात एकसंध झाकण, त्याखाली रबराची पट्टी आणि फिरवून आवळावयाच्या कड्या अशी रचना आढळते.

चौकट व डेक यांचा सांधा हे या रचनेतील सर्वांत नाजूक स्थान होय. नौका लाटांवर वाकते व पिळवटते. डेकच्या सलग पृष्ठात जेथे खंड पडलेला असतो, तेथे म्हणजे फाळक्याच्या कोपऱ्यांत, हा ताण एकवटतो. परिणामी फळ्यांतील भरण प्रथम तेथेच सैल होते आणि पाणी प्रथम तेथूनच लाकडात शिरते.

इतिहास : किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या प्राचीन व मध्ययुगीन नौका बहुतांशी उघड्या होत्या. त्यांना डेक नव्हता, म्हणून फाळक्याचा प्रश्नही नव्हता. आत आलेले पाणी उपसणे, हाच एक उपाय असे. किनाऱ्यापासून दूर, अनेक आठवडे राहून मासेमारी करण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा मासळी नौकेवरच टिकविणे आवश्यक झाले. पंधराव्या शतकापासून डच कोळ्यांनी उत्तर समुद्रात हेरिंग पकडण्यासाठी वापरलेल्या मोठ्या नौकांना डेक होता. मासळी नौकेवरच साफ करून मीठ लावून पिंपांत भरीत आणि पिंपे खाली खणात रचीत. या नौकांचा फाळका पिंप सहज उतरेल एवढा रुंद ठेवावा लागे. म्हणजे त्याचा आकार समुद्राच्या भयापेक्षा मालाच्या मापाने ठरत असे.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कॉडमासेमारीत वेगळ्या प्रकारच्या नौका रूढ झाल्या. त्यांच्या मधल्या खणाच्या तळाला छिद्रे पाडलेली असत व त्यांतून समुद्राचे पाणी खेळते राही. मासे जिवंत ठेवून बंदरात आणता येत. या पाण्याच्या खणातून वर येणारा मार्ग नरसाळ्यासारखा अरुंद करीत नेऊन डेकवर लहान फाळक्यात संपवीत. नौका झोले खात असता पाणी डेकवर उसळू नये, हा त्यामागील उद्देश होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्फाचा वापर वाढला आणि या नौका मागे पडल्या. बर्फाने फाळक्यावर नवी अट लादली. खण थंड राहण्यासाठी द्वार लहान, जाड झाकणाचे व कमीत कमी वेळ उघडे राहणारे असावे लागले. येथे मासळीचे हित व नौकेचे हित प्रथमच एका दिशेने गेले.

किनाऱ्यालगतच्या लहान नौकांना मात्र डेक फार उशिरा मिळाला. १८ व १९ ऑगस्ट १८४८ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर हेरिंगच्या हंगामात आलेल्या वादळात १२४ नौका नष्ट झाल्या व १०० कोळी बुडाले. ब्रिटिश आरमारातील कॅप्टन जॉन वॉशिंग्टन यांनी या आपत्तीची चौकशी केली. १८४९ मधील त्यांच्या अहवालात नौकांच्या विविध प्रकारांची तुलना असून उघड्या नौकांऐवजी डेकयुक्त नौकांचा पुरस्कार केलेला आहे. कोळ्यांचा या सूचनेस विरोध होता व तो केवळ परंपरेच्या अभिमानातून आलेला नव्हता. डेकमुळे नौका जड व महाग होते, उथळ व ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या बंदरांत ती हाताळता येत नाही, जाळी ओढण्यास जागा अपुरी पडते आणि उघड्या नौकेत माणूस जसा काठांच्या आत सुरक्षित उभा राहतो तसा डेकवर राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बंदरे सुधारली व नौकांचा आकार वाढला, तसा हा विरोध मावळला. त्यानंतरच्या काही दशकांत तेथील मोठ्या नौकांवर डेक व त्याबरोबर फाळका रूढ झाला.

डेक आला म्हणजे धोका संपला, असे नव्हते. १४ ऑक्टोबर १८८१ रोजी आयमथ व आसपासच्या बंदरांतील १८९ कोळी वादळात मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १२९ एकट्या आयमथ गावचे होते. अनेक नौका बंदराच्या तोंडाशी खडकांवर आदळल्या. नौकेची सुरक्षितता बंदर, हवामानाची सूचना व नौकाबांधणी या तिन्हींवर अवलंबून असते, हे या घटनेने दाखविले. डेकने समुद्राचे पाणी बाहेर ठेवण्याची शक्यता निर्माण केली. ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी फाळक्यावर येऊन पडली.

यंत्रयुगातील फाळका : १८८१ मध्ये हल येथे ‘झोडिॲक’ ही वाफेवर चालणारी ट्रॉलर नौका बांधण्यात आली आणि यांत्रिक मासेमारीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. जाळे यंत्राने ओढले जाऊ लागल्यामुळे एका वेळी डेकवर येणाऱ्या मासळीचे प्रमाण वाढले. मासळी निवडणे, साफ करणे व खणात सोडणे हे काम तासन्‌तास चालू राही आणि तितका वेळ फाळका उघडा राही. पाण्याच्या भिंतींसारख्या लाटा येत असतानाही काम थांबत नसे. फाळक्याची चौकट उंच ठेवावी, तर प्रत्येक टोपली अधिक उचलावी लागे. ती ठेंगणी ठेवावी, तर डेकवर खेळणारे पाणी आत जाई. या पेचात काम करणाऱ्याच्या पाठीचा व त्याच्या प्राणाचा विचार एकमेकांविरुद्ध उभा राहिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष गेले, तेही दुर्घटनांमुळेच. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्लंडमधील हल बंदराच्या तीन ट्रॉलर नौका बुडून ५८ खलाशी मरण पावले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९७० चा मासेमारी नौका सुरक्षितता अधिनियम व १९७५ चे नियम तयार झाले. दरम्यान ८-९ फेब्रुवारी १९७४ च्या रात्री ‘गॉल’ ही हलचीच आधुनिक ट्रॉलर नौका नॉर्वेच्या उत्तरेस ३६ खलाशांसह नाहीशी झाली. तिचा सांगाडा १९९७ मध्ये सापडला. २००४ मध्ये पूर्ण झालेल्या फेरचौकशीत, टाकाऊ भाग समुद्रात सोडण्यासाठी नौकेच्या कुशीत ठेवलेल्या मार्गांची झाकणे उघडी राहून त्यांतून पाणी शिरले, असा निष्कर्ष निघाला. ही द्वारे डेकवरील फाळके नव्हती, तरी त्यांना लागू पडणारे तत्त्व तेच आहे. पोलादी व नवी नौकाही एका न मिटलेल्या झाकणामुळे बुडू शकते.

१९७७ मध्ये स्पेनमधील टोर्रेमोलिनोस येथे मासेमारी नौकांच्या सुरक्षिततेविषयी आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. त्यात चोवीस मी. व त्याहून अधिक लांबीच्या नव्या नौकांसाठी फाळक्याची मापे घालून दिली आहेत. कामाच्या उघड्या डेकवर चौकटीची उंची किमान ६०० मिमी. व त्यावरील मजल्याच्या डेकवर किमान ३०० मिमी. असावी. लाकडी झाकणाची जाडी आधाराविना राहणाऱ्या दर १०० मिमी. अंतरास किमान ४ मिमी. असावी, मात्र ती कोणत्याही स्थितीत ४० मिमी. पेक्षा कमी नसावी. झाकण जेथे टेकते, तेथे टेकण्याची रुंदी किमान ६५ मिमी. असावी. जाडी ठरविताना आदळआपटीमुळे होणारी झीजही धरली आहे, ही बाब अनुभवातून आलेली दिसते. हा करार पुरेशा राष्ट्रांच्या मान्यतेअभावी अमलात आला नाही. १९९३ चा पूरक मसुदा व २०१२ चा केपटाउन करार हे त्याच दिशेने केलेले पुढील प्रयत्न होत. बारा ते चोवीस मी. लांबीच्या नौकांसाठी १९८० मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली व २००५ मध्ये ती सुधारण्यात आली. जगातील बहुसंख्य जुन्या लाकडी नौका या मापांहून लहान असल्यामुळे त्यांच्या फाळक्याची सुरक्षितता आजही मुख्यतः बांधणारा सुतार व वापरणारा तांडेल यांच्या विवेकावर अवलंबून आहे.

कोकण किनारा : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील पारंपरिक होड्या व मचवे पूर्णतः वा अंशतः उघडे असत. स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९५० नंतर, सहकारी संस्था व शासकीय कर्जे यांच्या साहाय्याने नौकांना इंजिने बसविण्यात आली. इंजिनामुळे नौका दूर जाऊ लागली, दूर जाण्यामुळे बर्फ न्यावा लागला, बर्फामुळे बंदिस्त खण आवश्यक झाला आणि बंदिस्त खणामुळे डेक व फाळका आला. युरोपात काही शतकांत घडलेला हा बदल कोकणात एका पिढीत घडून आला. सागाची वा ऐनाची चौकट, फळ्यांचे झाकण व सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासून वर राळ देण्याची पद्धत, म्हणजेच कलाफत, ही साधने मात्र पूर्वीच्या जहाजबांधणीतूनच घेतली गेली.

कोकणातील नौकेच्या आयुष्यात पावसाळ्याला विशेष महत्त्व आहे. या काळात मासेमारी बंद असते. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. नौका किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात आणि दुरुस्तीची कामे बंदीच्या आगेमागे उरकून नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा समुद्रात जाण्याची तयारी करतात. समुद्राच्या दृष्टीने नौका या दिवसांत सुरक्षित असते. लाकडाच्या दृष्टीने मात्र हाच काळ सर्वांत घातक असतो. याचे कारण लाकूड कुजण्याच्या प्रक्रियेत आहे.

कुजण्याची कारणे : लाकूड समुद्राच्या पाण्याने कुजते, हा सार्वत्रिक गैरसमज होय. लाकूड कुजविणाऱ्या कवकांना ओलावा, हवा व ऊब लागते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सु. २० टक्क्यांहून कमी असेल, तर कवक वाढत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास व त्यापुढे ते जोमाने वाढते. पूर्णपणे पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही आणि मिठाने भिजलेल्या लाकडात कवकाला मानवत नाही. म्हणून नौकेचा तळ अनेक दशके टिकतो, तर डेकवरचा फाळका गोड्या पाण्याने, म्हणजे पावसाने, कुजतो. न्यू इंग्लंडमधील जहाजबांधणारे फळ्या व फासळ्या यांच्यामधील पोकळीत मुद्दाम मीठ भरीत, ते याच अनुभवामुळे. दक्षिण कोकणात वर्षाला अडीच हजार मिमी. हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांत. त्या काळात हवा उबदार असते आणि फाळका बंद करून ठेवलेला असल्यामुळे खणात वारा खेळत नाही. झाप विस्कटले किंवा ताडपत्री फाटली, की पाणी चौकटीच्या कोपऱ्यात साचते.

चौकटीतील लाकडाच्या तंतूंची उघडी टोके नळ्यांप्रमाणे पाणी शोषतात. त्यामुळे कोपऱ्यांतील सांधे, अर्ध्या तुळयांची टोके व जोडवाशांची वरची बाजू ही प्रथम सडतात. सागाच्या अंतःकाष्ठात कवकांना व किडींना प्रतिबंध करणारी नैसर्गिक द्रव्ये असल्यामुळे ते दीर्घकाळ टिकते. त्याच झाडाच्या रसकाष्ठाला हा गुण नसतो. ओकच्या लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे लवकर गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापत असल्याने तो लाकूड आतून फोडतो आणि त्या भेगेतून पुन्हा पाणी शिरते. अशा रीतीने कूज व गंज एकमेकांस साहाय्य करतात. वरचा रंग शाबूत असताना आतील लाकूड भुसभुशीत झालेले असते, हे या विकाराचे फसवे लक्षण होय.

दुरुस्ती व पुनर्बांधणी : जुन्या फाळक्याची दुरुस्ती झाकणापासून नव्हे, तर डेकच्या खालून सुरू करावी लागते. खणात उतरून दिव्याच्या उजेडात तुळया, जोडवासे व फळ्यांची खालची बाजू तपासतात. लाकडी हातोडीने ठोकले असता निरोगी लाकूड खणखणीत वाजते व कुजलेले बद्द आवाज देते. शंकास्पद जागी अणकुचीदार टोचा खुपसून पाहतात. काळपट डाग, खिळ्यांभोवतीची गंजाची ओघळ, फुगलेला रंग व कुबट वास ही खुणेची लक्षणे होत. केवळ चौकट कुजली असेल, तर काम मर्यादित राहते. जोडवासा वा अखंड तुळई कुजली असेल, तर डेकचा आधारच नव्याने उभारावा लागतो.

मोडतोडीपूर्वी दोन गोष्टी आवश्यक असतात. पहिली म्हणजे मापे. चौकटीची लांबीरुंदी, कर्ण, उंची आणि डेकची वक्रता यांची नोंद करून पातळ फळीचे साचे कापून घेतात. जुनी नौका क्वचितच काटकोनात असते. कागदावरील चौकोन तिच्यावर बसत नाही, साचा मात्र बसतो. दुसरी म्हणजे आधार. फाळक्याच्या पुढील व मागील तुळयांखाली खणाच्या तळापासून टेकू देतात. असे न केल्यास जोडवासा काढताच तुळया खाली बसतात, डेकची कमान सपाट होते व नवी चौकट चुकीच्या आकारावर बसविली जाते.

यानंतर सांध्यांतील जुने भरण काढून, बोल्ट सोडवून चौकट उचलतात. कुजलेला भाग कापताना दिसणाऱ्या कुजीपलीकडे, विशेषतः तंतूंच्या दिशेने, बराच निरोगी भागही काढून टाकतात. कारण कवकाचे सूक्ष्म तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या सीमेच्या पुढे गेलेले असतात. जेथे पूर्ण वासा बदलण्याची गरज नसते, तेथे जुने व नवे लाकूड लांब तिरकस सांध्याने जोडतात. चिकटवावयाच्या सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या किमान आठपट ठेवण्याचा संकेत आहे. नवे लाकूड मुरलेले, सरळ तंतूंचे व शक्यतो मूळ जातीचेच घेतात. ओले लाकूड वापरल्यास ते पुढे आकसते व सर्व सांधे उघडतात.

जोडवासे खाचांत बसवून व ताणसळया आवळून झाल्यावर चौकट प्रथम कोरडीच जुळवून पाहतात. मग टेकणाऱ्या सर्व पृष्ठांवर लुकण देऊन ती कायमची बसवितात. पूर्वी यासाठी शेंदूर व उकळलेले जवसाचे तेल यांचे लुकण वापरीत. शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी असल्यामुळे आता त्याऐवजी अन्य लुकणे वापरतात. बोल्टांची डोकी लाकडात खोल बसवून वर त्याच लाकडाची बुचे ठोकतात. शेवटी चौकट व डेक यांमधील फटीत छिन्नी व मोगरीने कापूस ठासतात, रुंद फटीत त्यावर डांबरात भिजविलेले ताग वा तत्सम तंतू भरतात आणि वर डांबर किंवा राळ ओततात. कलाफतीत कमी ठासणे जितके वाईट, तितकेच अधिक ठासणेही वाईट. जादा ठासल्याने फळ्या एकमेकींपासून ढकलल्या जाऊन चौकटच सरकते.

झाकण नवे करताना फळ्यांची जाडी, आडव्या पट्ट्यांचा आधार व उचलण्यास सोयीचे वजन यांचा मेळ घालावा लागतो. फार जड झाकण खलाशी उघडेच ठेवतात. म्हणून वापरण्याजोगे झाकण हाही सुरक्षिततेचाच भाग होय. रबराच्या पट्टीची परीक्षा खडूने करतात. चौकटीच्या कडेला खडू फासून झाकण आवळतात व उघडून पाहतात. पट्टीवर उमटलेली पांढरी रेघ जेथे तुटते, तेथे पाणी शिरणार हे निश्चित. त्यानंतर जोरदार पाण्याचा फवारा मारून खणातून पाहणी करतात.

अलीकडे कुजक्या चौकटीवर काचतंतूचे आवरण चढविण्याची प्रथा वाढली आहे. कोरड्या व निरोगी लाकडावर काळजीपूर्वक दिलेले आवरण उपयुक्त ठरते. ओल्या वा कुजलेल्या लाकडावर ते दिल्यास ओलावा आत कोंडला जातो, कूज अधिक वेगाने पसरते आणि बाहेरून तपासण्याचा मार्गही बंद होतो. असा फाळका दिसण्यात नवा, पण प्रत्यक्षात पूर्वीहून धोक्याचा असतो.

जतनाचा प्रश्न : लाकडी मासेमारी नौका व्यवहारातून मागे पडू लागल्यावर काही नौका संग्रहालयांनी जतन केल्या. १९२१ मध्ये अमेरिकेतील एसेक्स येथे बांधलेली ‘एल. ए. डन्टन’ ही स्कूनर १९६३ मध्ये मिस्टिक येथील सागरी संग्रहालयाने घेतली, तर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ‘रीपर’ ही स्कॉटिश नौका ॲन्स्ट्रदर येथील मत्स्योद्योग संग्रहालयाकडे आहे. अशा नौकांच्या बाबतीत फाळका दुरुस्त करणाऱ्यापुढे वेगळाच पेच असतो. मूळ ठेंगणी चौकट तशीच राखावी, तर समुद्रात जाणाऱ्या माणसांचा धोका कायम राहतो. ती आजच्या नियमांप्रमाणे उंच करावी, तर नौकेचे ऐतिहासिक रूप बदलते. धक्क्याला बांधलेल्या नौकेवर मूळ रूप राखणे योग्य मानतात. चालत्या नौकेवर सुरक्षिततेसाठी केलेला बदल नोंद करून व पुन्हा काढून टाकता येईल अशा रीतीने करावा, असा संकेत रूढ होत आहे. काढलेल्या जुन्या भागांची मापे, छायाचित्रे व सांध्यांचे नमुने जपून ठेवणे यासाठी महत्त्वाचे आहे.

कोकणातील लाकडी नौकांच्या संदर्भात हा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. चांगले लाकूड महाग झाले असून काचतंतूच्या व पोलादी नौका वाढत आहेत. त्याबरोबर जोडवासा कसा बसवावा, कापूस किती ठासावा व टोच्याला लागणारे लाकूड कधी विश्वासार्ह नसते, हे हाताने जाणणाऱ्या सुतारांचे ज्ञानही विरळ होत आहे. हे ज्ञान बहुतांशी लिखित स्वरूपात नाही; ते एका पावसाळ्यातून दुसऱ्या पावसाळ्यात, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले आहे. जुनी नौका समुद्रावर असेपर्यंत तिच्यातील माणसांचे जीवित या ज्ञानावर अवलंबून राहील.

पहा : जहाजबांधणी, नौका, मत्स्योद्योग, लाकूड.